मागच्या खोलीवर काय घालायचं

आमचं घर पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. तीन खोल्या, पुढं सोपा, वर मंगलोरी कौलं. संडास परड्याच्या टोकाला, दगडी पायऱ्या उतरून जायला लागायचं. गेल्या पावसाळ्यात आई त्या पायऱ्यांवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. कराडला ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता संडास-बाथरूम झोपायच्या खोलीला लागूनच पाहिजे. म्हणून घराच्या मागच्या भिंतीला टेकून एक खोली वाढवायचं ठरलं. एकच खोली, एकच मजला. भिंती, खिडक्या, फरशी, नळ, कशाबद्दलच कोणाचं काही म्हणणं नव्हतं. वर काय घालायचं एवढ्यावर सगळं अडलं, आणि ते सोडवायला मी प्रत्येक सुट्टीला माझ्या नोकरीच्या गावाहून, कडेगावाहून, पाटणला खेपा घालू लागलो.

आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत होते. हवालदार होऊन सुटले, पण गाव त्यांना मेजर म्हणतं. आमच्याकडं फौजेतला स्वयंपाकीही पेन्शनीवर आला की मेजरच होतो. त्यांची सगळी नोकरी पत्र्याच्या बराकीत आणि तंबूत गेली. राजस्थानात पत्र्याखाली भाजून निघालो आणि वर बर्फात पत्र्याखालीच गारठलो, हे ते ओळखीच्या-अनोळखीच्या कोणालाही सांगतात. पेन्शन घेऊन आले तेव्हा मनात एकच होतं, स्वतःच्या घरावर स्लॅब घालायचा. मग विहिरीवर मोटर बसली, माझं शिक्षण झालं, स्लॅब मागं मागं राहिला. गावात एकेका घरावर स्लॅब चढत गेला आणि आबा प्रत्येकाच्या स्लॅबच्या जेवणाला जाऊन हात धुऊन आले.

‘‘जल्म पत्र्याखाली गेला. आता म्हातारपणी पुन्ना पत्रा?’’ असं ते मला विचारायचे, जसा काही पत्र्याचा शोध मीच लावला होता.

आई आतून म्हणायची, ‘‘तुमी घाला की स्लॅब दुसरीकडं कुटंतरी. ही खोली माजी हाय.’’

आईचं माहेर कोयनानगरच्या वर, रानात. मोठा भूकंप झाला तेव्हा ती लहान पोर होती. पहाटेची वेळ, सगळे झोपलेले. त्यांचं घर कुडाचं, वर गवत शाकारलेलं. ते अंगावर आलं, आणि तिच्या बापानं हातांनी गवत उचकटून एकेकाला बाहेर ओढलं. वस्तीत पक्कं घर एकच होतं, तिच्या मामाचं. दगडी भिंती, वर जड छत, सगळ्यांना त्याचा हेवा. त्या घरातून कोणी बाहेर आलं नाही. मामाची मुलगी आईच्याच वयाची. आदल्या दिवशी दोघी मिळून खेळल्या होत्या. यापुढं आई सांगत नाही. एवढंच म्हणते, ‘‘कौल पडलं तर डोस्क्याला खोक पडंल. स्लॅब पडला तर माणूस घावत न्हाई.’’

आमच्या भागात जमीन अजूनही अधूनमधून हलते. फळीवरची भांडी वाजतात, लोक ‘‘हलली वाटतं’’ म्हणतात आणि हातातलं काम पुढं चालू ठेवतात. आई कधीच तशी बसून राहिली नाही. भांडं वाजलं की ती अनवाणी अंगणात. आम्ही हसायचो. आता वॉकर आल्यापासून तिला नुसतं उठून उभं राहायलाच वेळ लागतो. ‘‘आदी पळत तरी हुते,’’ ती मला म्हणाली, ‘‘आता नुसतं वर बगत बसायचं.’’ तक्रारीच्या सुरात बोलली नाही, पण मला ते फार लागलं.

कराडच्या इंजिनिअरनं तीन नकाशे काढून दिले. एक सपाट स्लॅबचा, एक उतरत्या स्लॅबचा, एक लोखंडी अँगलवर पत्र्याचा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळं घरात असल्या गोष्टी समजावून सांगायचं काम माझ्याकडं. मी आईला खांब, तुळया, सळया, सगळं सांगितलं. नीट बांधलेला स्लॅब घर धरून ठेवतो, माणसं मरतात ती दगडमातीच्या भिंतींखाली, हेही सांगितलं. सत्यनारायणाची कथा ऐकावी तसं तिनं ते हात जुळवून ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘झालं सांगून? आता पत्रा घाल.’’

गवंड्याचाही कौल तिच्याच बाजूनं. आमच्याकडच्या पावसात सपाट स्लॅब काही वर्षांत गळायला लागतो, मग लोक स्लॅबवर पत्र्याचं शेड मारतात. ‘‘आदी स्लॅब घालायचा, मग त्यो भिजू नये म्हणून पत्रा घालायचा,’’ गवंडी म्हणाला. ‘‘त्यापरीस आदीच पत्रा घाला की, मेजर.’’ राहता राहिला उतार. पाणी चुलत्याच्या परड्यात पडून चालणार नव्हतं. भाऊबंदकीत पागोळीच्या पाण्यावरून डोकी फुटतात. म्हणून उतार आमच्याच अंगणाकडं काढला. आबा एकटे पडले. सोप्यात फुगून बसले, पण पत्र्याचा रंग लाल असावा हे त्यांनीच सांगितलं, म्हणजे त्यांनी मान्य केलं असं आम्ही धरलं.

आता माझं सांगायला हवं. मी नोकरीसाठी कडेगावला गेलो आणि लग्नही तिथल्याच मुलीशी झालं. बायको आईबापांना एकुलती. तिच्या वडिलांचा ऊस, घर, दोन म्हातारी माणसं, सगळं तिच्याच गळ्यात. आम्ही त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. गावाकडं मला घरजावई म्हणून चिडवतात, आणि मी पण हसतो, कारण न हसून काय करणार. पाटण ते कडेगाव अंतर फार नाही. परदेशी गेलेल्या मुलाचं निदान कौतुक तरी होतं. एसटीनं तासा-दोन तासांवर राहून घरी न राहणाऱ्या मुलाचं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. मी आईला कडेगावला ये म्हणालो होतो. ‘‘लेकाच्या सासुरवाडीत जाऊन ऱ्हाऊ व्हय मी?’’ म्हणून तिनं विषयच मिटवला. मात्र निवृत्त झालो की मी पाटणला येणार, हे आमच्या घरात ठरलेलं होतं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते मला सांगता येणार नाही. दिवाळी येणार हे जसं कोणी ठरवत नाही, तसं ते होतं.

गवंडी दोरी आणि पांढरी फक्की घेऊन आखणीला आला त्या सकाळी आम्ही सगळे मागच्या परड्यात होतो. आईला खुर्ची टाकून दिली होती. गवंड्यानं सहज विचारलं, ‘‘कॉलमचं कसं करायचं? पत्रा असंल तर छताबरोबर सळया तोडतो. स्लॅब असता तर वर सोडल्या असत्या.’’

‘‘मग सोड की वर,’’ आबा म्हणाले. ‘‘त्येच तर सांगतोय कवाधरनं. उद्या पोरगं ऱ्हायला आलं की त्याचा मजला त्याच्यावरच हुणार. आजूबाजूला जागा हाय का दुसरी? हिकडं डोंगर, तिकडं भाऊबंद. पत्रा घातला तर पोरानं कुटं बांदायचं?’’

परक्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या गावात ते कळायला गच्च्यांकडं बघावं लागतं. प्रत्येक स्लॅबवर खांबांच्या सळया हातभर उंच सोडलेल्या असतात, गंजू नयेत म्हणून कोणी त्यांना प्लॅस्टिकच्या बाटल्या उलट्या घालतो, कोणी सिमेंट फासतो. ज्या घरावर सळया आहेत त्या घरचं माणूस परत येणार आहे. मुलगा फौजेत असेल, मुंबईत असेल, पण वर मजला चढणार आहे. सळया तोडून वर सपाट केलेलं घर म्हणजे ज्यांचं कोणी यायचं नाही त्यांचं. लोक असं तोंडानं म्हणत नाहीत. नुसतं वर बघतात.

आईच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तिनं खोलीकडं फक्त झोपायची जागा म्हणून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी चहा देताना मला म्हणाली, ‘‘स्लॅबच घाला.’’

मी म्हणालो, ‘‘तुला झोप लागणार न्हाई.’’

‘‘लागंल. मानसाला सवय हुती.’’

‘‘पत्रा घालू आता. पुढं लागलाच मजला तर पत्रा काढून स्लॅब घालू.’’

‘‘कवा? आमी गेल्यावर?’’ ती म्हणाली. ‘‘तुजा मजला मला बगायचा न्हाई व्हय?’’

मी गवंड्याला बाजूला घेऊन विचारलं, पत्रा घालून सळयाही वर ठेवता येतील का. त्यानं माझ्याकडं बघितलं ते बघणं मला अजून आठवतंय. येतील, म्हणाला, पण पत्र्याला भोकं पाडावी लागतील आणि तिथूनच गळंल. इंजिनिअरला फोन केला, तोही तेच म्हणाला. आबा खूश होते. सिमेंट कोणतं आणायचं ते इतरांना सांगत फिरत होते, आणि आईला त्यांनी एकदाही विचारलं नाही की तू कशी काय तयार झालीस. मला त्यांचा राग येत होता, आईचा त्याहून जास्त येत होता, आणि कोणावर तोंड टाकावं तर आपलेच दात आपलेच ओठ.

पुढच्या सुट्टीला आलो तर आई घरात नव्हती. आबा म्हणाले, चुलतीकडं गेली असंल. चुलतीचं घर शेजारी, तिच्या घरावर स्लॅब आहे. मी आणायला गेलो. चुलती दारातच भेटली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘तुजी आय रोज दुपारची येती बग. चा न्हाई, बोलणं न्हाई. मदल्या खोलीत चटई टाकून पडती. मी इचारलं, तवा म्हणली, सवय करतीया.’’

मी आत डोकावलो. आई चटईवर उताणी पडली होती. वॉकर डोक्याशी. डोळे सताड उघडे, वरच्या स्लॅबकडं लावलेले. दोन्ही तळहात तिनं फरशीवर पालथे टेकवले होते, दाबून, आणि पंखा नसलेल्या खोलीत तिचा वरचा ओठ घामेजला होता. परत अंगणात येऊन उभा राहिलो. मला रडू येत होतं आणि एका बाजूला तिला हाताला धरून उठवून खडसवावंसं वाटत होतं, की कोणासाठी चाललंय हे सगळं, कोण येणार आहे.

कारण मी येणार नव्हतो. हे मला माहीत होतं, बायकोला माहीत होतं, बहुतेक तिच्या वडिलांनाही माहीत होतं. माझी मुलं कडेगावची आहेत. त्यांची शाळा, त्यांचे मित्र, त्यांचं बोलणंही तिकडचं. मला स्वतःला आता पाटणच्या पावसाचे चार महिने झेपत नाहीत, चौथ्या दिवशी अंग दुखायला लागतं. यात कोणाचं वाकडं नाही, कोणी कोणाला तोडलं नाही. वर्षं गेली आणि मी तिकडचा झालो. हे बोललो असतो तर आईला हवा तो पत्रा मिळाला असता आणि ती निवांत झोपली असती. न बोललो तर ती त्या स्लॅबखाली, हात फरशीवर दाबून, राहिलेलं आयुष्य काढणार होती. इकडं आड तिकडं विहीर म्हणतात, पण त्यात निदान पडणारा आपण असतो. इथं दोन्हीकडं तीच पडणार होती आणि ढकलणारा मी.

मी आठवडाभर काही बोललो नाही. कोणीतरी मधे पडेल, इंजिनिअर स्लॅब नको म्हणेल, आबांचंच मन बदलेल, अशी वाट बघत राहिलो. कोणी मधे पडलं नाही. खडी येऊन पडली, सळया आल्या, सेंट्रिंगवाल्याला सांगून झालं.

मग एका रविवारी सकाळी आई सोप्यात सुपात तांदूळ निवडत बसली होती. आबा वरच्या आळीला गेले होते. मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, ‘‘आई, मी यायचा न्हाई गं पाटणला.’’

तिला वाटलं मी पुढच्या सुट्टीचं बोलतोय. ‘‘बरं, मग त्याच्या म्होरल्या खेपंला ये.’’

‘‘न्हाई. ऱ्हायला म्हणतोय मी. रिटायर झाल्यावर.’’

तिनं निवडता निवडता विचारलं, ‘‘सून न्हाई म्हणती?’’

‘‘तिचा काय संबंध न्हाई. मीच म्हणतोय.’’

‘‘पोरं?’’

‘‘पोरं तर न्हाईच.’’

तिनं सुपातले दोन-तीन खडे वेचून उंबऱ्याबाहेर टाकले. ती रडली असती, शिव्या दिल्या असत्या, मेलं तुझं तोंड म्हणाली असती, तर मला बरं वाटलं असतं. मी तयारी त्याचीच करून आलो होतो. ती म्हणाली, ‘‘मग पत्राच बरा. उगं कशाला त्यो जड बोजा वर.’’ आणि तांदूळ धुवायला आत निघाली. सूप तिच्या हातात आणि वॉकर ढकलायचा. मी सूप घ्यायला उठलो तर म्हणाली, ऱ्हाऊ दे, जमतंय मला.

आबांना तिनं काय सांगितलं ते मला कळलं नाही. मी परसात तोंड धुत होतो आणि आत दोघांचा बोलण्याचा आवाज येत होता, बराच वेळ तिचा, मग थोडा वेळ त्यांचा, मग कोणाचाच नाही. आबा बाहेर आले ते थेट गवंड्याला फोन लावत. ‘‘पत्रा,’’ म्हणाले. ‘‘सळया हितंच तोड.’’ मला वाटलं होतं ते माझ्याशी भांडतील. सगळा जन्म स्लॅबची वाट बघितलेला माणूस, त्यांनी भांडायलाच हवं होतं. त्यांनी मला विचारलं, गाडीत पेट्रोल हाय का, आणि मी आहे म्हणालो.

पावसाच्या आधी खोली झाली. लाल पत्रा, आत पांढरी शीट मारलेली, उतार अंगणाकडं. उन्हाची तापते, पाऊस आला की बोललेलं ऐकू येत नाही. पण आई झोपते. आबाच सांगतात फोनवर, घोरती म्हणून. मधे एकदा जमीन जोरात हलली, सगळी आळी बाहेर आली, आणि ही पडल्या जागी पडून राहिली. नंतर म्हणाली, पत्राच पडंल की अंगावर, दुसरं काय. तिला हवं होतं ते झालं होतं आणि मला हवं होतं तेही तेच होतं. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं.

वास्तुशांत केली. एका खोलीची कसली वास्तुशांत, असं मी म्हणून बघितलं, पण आईला ती हवी होती. पूजेला आबा आणि आई बसले, आई खुर्चीवर. कडेगावाहून माझे सासू-सासरे आले, आईचा भाऊ आला, आत्या आणि तिचे यजमान आले. मी पहाटेपासून राबत होतो. पाणी भरलं, सतरंज्या टाकल्या, जिलेबीच्या पाट्या उतरवल्या.

पूजा झाल्यावर पाहुण्यांचा मान सुरू झाला. आमच्याकडं कार्याला आलेल्या पाहुण्याला टॉवेल, टोपी आणि नारळ देतात. घरच्या माणसानं तो द्यायचा असतो, घ्यायचा नसतो. मी टॉवेल-टोप्यांची परात धरून आबांच्या मागं मागं चाललो होतो. त्यांनी मामाच्या डोक्यावर टोपी ठेवली, आत्याच्या यजमानांच्या ठेवली, माझ्या सासऱ्यांच्या ठेवली. मग वळले, माझ्या हातातली परात काढून चुलतभावाकडं दिली आणि सासऱ्यांशेजारची जागा दाखवून म्हणाले, ‘‘बस.’’

सकाळपासून उभा आहे म्हणून बसवतायत असं मला वाटलं. मी बसलो. त्यांनी परातीतला टॉवेल उचलून माझ्या खांद्यावर घातला. टोपी डोक्यावर ठेवली, नीट बसली का बघितलं, जरा पुढं ओढली. नारळ दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सासऱ्यांना देताना जसा होता तसाच चेहरा होता, आदराचा. पलीकडं बायकांमध्ये आई माझ्या बायकोची ओटी भरत होती आणि तिला सांगत होती, ‘‘तू नगं उटू, वाढायला हायत बाया.’’

आबा, मी घरचाच हाय की, हे अगदी तोंडाशी आलं होतं. नारळ सतरंजीवर ठेवून मी वाकलो आणि त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, ‘‘पयल्या पंगतीला बसून घ्या. तुमाला लांब जायचं हाय.’’